पावसात मोटारसायकल चालवताना समोरचं स्वच्छ कसं दिसेल: वाफ, थेंब आणि चिखलाचा बंदोबस्त

पावसात समोरचं दिसेनासं झालं की हात आपसूक हेल्मेटच्या काचेवर जातो. एकदा पुसली, दोनदा पुसली, तरी धूसर ती धूसरच. मग जरा जोर लावून तिसऱ्यांदा. वाफ धरलेली असते आतून आणि आपण घासत बसतो बाहेरून. त्या घासण्यात ओल्या हातमोज्यावरची बारीक माती काचेवर फिरते आणि पावसाळा संपेपर्यंत काचेवर चऱ्यांचं जाळं झालेलं असतं. ताशी ६० किमी वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. चुकीची बाजू पुसण्यात गेलेले दोन सेकंद म्हणजे निसरड्या रस्त्यावरचे तेहेतीस मीटर.

तेव्हा पुसण्याआधी ओळखायचं, की खराब झालंय काय.

कोणती बाजू बिघडली आहे?

डोळा आणि रस्ता यांच्यामध्ये आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त पृष्ठभाग असतात. हेल्मेटच्या काचेची बाहेरची बाजू, आतली बाजू, चष्मा असेल तर त्याच्या दोन बाजू, आणि काचेला आतून पिनलॉक, म्हणजे वाफ रोखणारी दुसरी पातळ काच, बसवलेलं असेल तर त्या दोघांमधली फट. प्रत्येकाचं दुखणं निराळं आणि औषधही निराळं.

सुटे, गोल थेंब दिसतायत आणि वेग वाढवला की ते सरकतायत, तर ते बाहेरचे. नाकातोंडासमोरून सुरू होऊन वर चढणारी दुधी छटा, जी श्वास सोडला की दाट होते आणि क्षणभर रोखला की वाढायची थांबते, ती आतली वाफ. समोरच्या गाडीच्या दिव्याला लांबलचक रेघा फुटतायत, पुसलं की त्या फक्त पसरतायत, तर बाहेरून तेलकट थर बसलाय. डिझेलचा धूर, रस्त्यावर सांडलेलं ऑइल आणि चिखल यांचं ते मिश्रण. अशा वेळी कोरड्या हाताने किंवा नुसत्या हातमोज्याने काही होत नाही.

काहीच कळत नसेल तर वेग कमी करून काच एक खाच वर करा. दोन-चार सेकंदांत साफ दिसू लागलं तर दोष आतल्या वाफेचा. काच पूर्ण वर करूनही धूसरच दिसत असेल तर चष्मा तपासा. आणि धूसरपणा दोन थरांच्या मधोमध अडकल्यासारखा दिसत असेल, आतून पुसून हलत नाही, बाहेरूनही नाही, तर पिनलॉकचं सील कुठेतरी सुटलंय.

वाफ कुठून येते

आपण सोडतो तो श्वास गरम आणि ओलाव्याने भरलेला असतो. पावसाने आणि वाऱ्याने गार झालेल्या काचेवर तो आदळला की त्यातला ओलावा काचेवर सूक्ष्म थेंबांच्या रूपात बसतो. हे थेंब इतके बारीक असतात की एकेक दिसत नाही. सगळे मिळून प्रकाश इकडेतिकडे उधळतात आणि काच दुधी दिसते.

पण सगळा दोष श्वासाचा नसतो. कालच्या पावसात भिजलेलं आतलं अस्तर आज नीट वाळलेलं नसेल तर डोक्याच्या उबेने ते दिवसभर वाफ सोडत राहतं. ओले केसही तेच करतात. आणि फारसं कुणाच्या लक्षात न येणारी जागा म्हणजे रेनकोटची कॉलर. रेनकोटच्या आत अंग घामेजतं, ती गरम दमट हवा वर चढते आणि गळ्यापाशी मोकळी वाट मिळाली की थेट हेल्मेटमध्ये शिरते. कॉलर गळ्याशी नीट बंद केली, तिच्यात पातळ कोरडा रुमाल किंवा नेक ट्यूब (गळ्यात चढवायची कापडी नळी) घातली, की काचेवरची वाफ बरीच कमी होते. नेक ट्यूब मात्र नाकाखालीच ठेवा. नाकावर ओढली तर श्वास वरच्या बाजूने निसटून सरळ चष्म्यावर जातो.

आदल्या दिवशीचं काम

रस्त्यावर करता येण्यासारखं फार थोडं असतं. खरं काम घरी, कोरड्यात बसून होतं आणि त्याला अर्धा-पाऊण तास पुरतो.

आधी काच हेल्मेटमधून काढा. बहुतेक हेल्मेटना बाजूला छोटी खिट्टी असते, ती दाबून काच निघते. जोर लावावा लागत असेल तर थांबा, माहितीपत्रक बघा; ती प्लास्टिकची खिट्टी तुटली तर पूर्ण यंत्रणाच बदलावी लागू शकते. काढलेल्या काचेवर ओलं मऊ फडकं दहा-पंधरा मिनिटं पसरून ठेवा. वाळलेला चिखल आणि चिकटलेले किडे त्याने फुगून सुटतात. मग कोमट पाणी आणि एखादा थेंब सौम्य साबण घेऊन बोटांच्या पेरांनी धुवा. बोटांनीच, कारण खडा राहिला असेल तर तो बोटाला कळतो, फडक्याला कळत नाही. शेवटी स्वच्छ पाण्याने धुऊन मायक्रोफायबरच्या फडक्याने टिपून घ्या, घासू नका.

हेल्मेटची काच खरं तर काच नसते, पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असतं. न फुटण्यात ते उत्तम, पण चऱ्यांच्या आणि रसायनांच्या बाबतीत नाजूक. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश काढायचं द्रव, खिडक्यांच्या काचा पुसायचा अमोनियावाला स्प्रे यांतलं काहीही तिच्याजवळ नेऊ नका. लगेच काही दिसत नाही, पण कालांतराने आत केसासारख्या बारीक भेगा पडतात आणि मग ती काच दिवसा चालते, रात्री चालत नाही. टूथपेस्टने चरे जातात असं सांगणारेही भेटतात. टूथपेस्ट म्हणजे बारीक घासणारी पूड. एक चरा घालवताना काचेवरचा कडक संरक्षक थरच ती खरवडते.

काच बाहेर आहे तोवर हेल्मेटचं रबर बघून घ्या. काचेच्या वरच्या कडेला कपाळापाशी जे रबराचं सील असतं, त्यातून पाणी झिरपलं की ते काचेच्या आतल्या बाजूने ओघळतं आणि आपल्याला वाटतं वाफ आहे. ओल्या फडक्याने रबर पुसा, कोरडं करा, आणि सिलिकॉन तेलाचा अगदी हलका हात फिरवा. रबर मऊ राहतं.

आता काच परत बसवून कागदाची चाचणी करा. साध्या कागदाची दोन बोटं रुंद पट्टी घ्या. काच उघडून पट्टीचं टोक रबरावर ठेवा, काच पूर्ण बंद करा आणि पट्टी हळूच ओढा. ती अडखळत, रबराला घासत निघाली पाहिजे. सहज सरकून आली तर त्या जागी फट आहे. हीच पट्टी कपाळाच्या मधोमध, डाव्या कोपऱ्यात, उजव्या कोपऱ्यात आणि दोन्ही गालांपाशी लावून बघा. बऱ्याच हेल्मेटमध्ये काचेचा सांधा स्क्रूवर पुढेमागे सरकवता येतो. स्क्रू ढिले करायचे, काच बंद ठेवून सांधा मागे दाबायचा आणि तसाच धरून स्क्रू आवळायचे. मग पुन्हा कागद. कंटाळवाणं काम आहे, पण आत ओघळणाऱ्या पाण्यावर दुसरा इलाज नाही, कितीही महाग फवारा आणा.

आतून पसरवायचं, बाहेरून पळवायचं

बहुतेकांचा घोळ होतो तो इथे. काचेच्या दोन बाजूंना अगदी उलट गोष्टी हव्या असतात. बाहेरच्या बाजूला पाण्याचे घट्ट गोल थेंब व्हावेत आणि वाऱ्याने ते उडून जावेत. आतल्या बाजूला थेंब होताच कामा नयेत. जो ओलावा बसेल त्याचा एकसलग पातळ पापुद्रा व्हावा, म्हणजे त्यातून आरपार दिसतं. पाणी पळवणारं रसायन आतून लावलं तर वाफेचे थेंब आणखी टपोरे होतात. एकच बाटली दोन्ही बाजूंना वापरणाऱ्यांची तक्रार असते की हे औषध काही कामाचं नाही. औषध ठीक असतं, बाजू चुकलेली असते.

आतल्या बाजूसाठी साधा घरगुती उपाय म्हणजे साबणाचा अदृश्य थर. भांडी घासायच्या लिक्विडचा किंवा लहान मुलांच्या शांपूचा एक थेंब, फक्त एक, कोरड्या काचेच्या आतल्या बाजूवर टाका. स्वच्छ बोटाने सगळीकडे पसरवा. काच ढगाळ दिसेल. दोन-तीन मिनिटं वाळू द्या. मग स्वच्छ कोरड्या फडक्याने हलक्या हाताने गोल फिरवत काच पारदर्शक दिसेपर्यंत पुसा. पाण्याने धुवायचं नाही, धुतलं तर सगळंच गेलं. नीट जमलंय का ते बघायला काचेवर तोंडाने जोरात हा: करा, वाफ बसलीच नाही किंवा बसून लगेच साफ झाली तर झालं काम. साबण जास्त झाला तर रात्री दिव्यांभोवती धुरकट वलयं दिसतात, आणि पाणी आत शिरलं तर तो ओघळून डोळ्यांत जातो. डोळ्यांची आग होते, तेही चालत्या गाडीवर. म्हणूनच मी शांपूच्या बाजूचा आहे. हा थर फार टिकत नाही. मोठ्या पावसाच्या दिवशी सकाळी निघण्याआधी नव्याने द्यावा लागतो.

एक अपवाद. काही काचांना कारखान्यातूनच आतून वाफरोधक थर दिलेला असतो. त्यावर साबण, फवारा, पॉलिश काहीही लावू नका, आणि कोरडा असताना घासू नका. तो थर मऊ असतो.

बाहेरच्या बाजूसाठी पाणी उडवून लावणारी द्रवं मिळतात. मोटारीच्या पुढच्या काचेसाठीची नकोत; त्यांतली बरीचशी खऱ्या काचेसाठी बनवलेली असतात आणि त्यांतल्या रसायनांनी प्लास्टिक खराब होऊ शकतं. बाटलीवर प्लास्टिकसाठी किंवा हेल्मेटसाठी असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या. पातळ लावायचं, सुकू द्यायचं, चकचकीत होईपर्यंत पुसायचं. मग पाण्याचा फवारा मारून बघायचं: थेंब गोल होऊन काच जरा तिरपी करताच घरंगळले पाहिजेत, पसरून चिकटता कामा नयेत.

एवढं करूनही एक गोष्ट लक्षात असू द्या. गोल झालेले थेंब उडवायला वारा लागतो. साधारण ताशी ५०-६० किमीच्या वर हा थर जादू केल्यासारखा चालतो. त्याच्या खाली, गर्दीत रांगताना, तेच गोल थेंब काचेवर ठाण मांडून बसतात. तुमचा सगळा प्रवास गर्दीतलाच असेल तर बाहेरून फक्त स्वच्छ धुतलेली काच आणि पुसायला चांगलं साधन एवढं पुरतं.

पिनलॉक

वाफेवरचा सगळ्यात भरवशाचा उपाय मला विचाराल तर हाच. काचेच्या आतल्या बाजूला सिलिकॉनच्या सीलने चिकटणारी दुसरी पातळ काच. दोन्हींच्या मध्ये हवेचा थर अडकतो, त्यामुळे आतली काच बाहेरच्या इतकी गार पडत नाही. शिवाय ती ज्या प्लास्टिकची असते ते ओलावा थोडा शोषून घेतं. ३०, ७०, १२० असे तिचे प्रकार येतात. आकडा मोठा तितका वाफेला तोंड द्यायचा दम जास्त. अट एवढीच की तुमच्या काचेला दोन बाजूंना त्यासाठीच्या पिना असायला हव्यात, आणि आतली काच त्याच मॉडेलची असायला हवी. अंदाजाने आणलेली बसत नाही.

बसवताना हेल्मेटची काच टेबलावर ठेवून दोन्ही कडा बाहेर ताणून ती जवळजवळ सपाट करावी लागते. हे काम दोघांनी केलं तर सोपं: एकाने काच ताणून धरायची, दुसऱ्याने आतली काच सिलिकॉनची बाजू काचेकडे ठेवून आधी एका पिनेत, मग दुसऱ्या पिनेत अडकवायची. ताण सोडला की ती घट्ट बसते. संरक्षक फिल्म बसवून झाल्यावरच काढा, म्हणजे बोटांचे ठसे उमटत नाहीत. मग काच उजेडासमोर धरून सिलिकॉनची रेघ निरखून बघा. रेघ सगळीकडून सारखी दबलेली दिसली पाहिजे. एखाद्या कोपऱ्यात ती फिकट किंवा तुटक दिसत असेल तर तिथून ओलावा आत जाणार. बऱ्याच काचांवर पिनांचा फिरण्याचा अक्ष मधोमध नसतो, जरा एका बाजूला सरकलेला असतो, तो यासाठीच. थोड्या फिरवल्या की आतली काच अधिक घट्ट दाबली जाते. एकदम फार फिरवू नका, थोडं फिरवून पुन्हा उजेडासमोर बघा.

पिनलॉकवर साबणाचा थर द्यायचा नाही, अल्कोहोल लावायचं नाही. कोमट पाणी, मऊ कापड, हवेत वाळवणं, बस. दिवसभर ओलावा पिऊन ती तृप्त झाली की तीही वाफ धरू लागते. रात्रभर काच उघडी ठेवून वाळू दिली की पुन्हा ताजी होते. तिचा एक तोटा सांगायलाच हवा: रात्री समोरच्या दिव्यांची फिकट दुसरी प्रतिमा दिसते. सवय होईपर्यंत ते खटकतं.

चष्मा असेल तर

चष्मा तोंडाच्या सगळ्यात जवळ, त्यामुळे वाफ आधी त्याच्यावर. काच साफ असूनही चष्मा धूसर, हा अनुभव चष्मेवाल्यांना नवा नाही. चष्म्यासाठी मिळणारी वाफरोधक फडकी किंवा फवारे चालतात. वरचा साबणाचा प्रयोगही चालतो, पण चष्म्याला खास थर दिलेले असतील तर आधी चष्मेवाल्याला विचारा. चष्मा डोळ्यांपासून किंचित पुढे, नाकावर जरा खाली बसला तर मागून हवा खेळते. बऱ्याच हेल्मेटमध्ये नाकावर बसणारा श्वासरोधक पट्टा (ब्रेथ गार्ड) असतो, तो चष्मेवाल्यांनी काढून ठेवू नये. श्वास खाली वळवण्याचं काम तोच करतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांची वाफेची कटकट मिटते, पण काच उघडी ठेवून चालवलं की वाऱ्याने लेन्स कोरड्या पडतात, तेव्हा डोळ्यांचे थेंब खिशात असू द्यावेत.

आरसे आणि हेडलाइट विसरू नका. आरशांना बाहेरच्या बाजूसारखाच पाणी पळवणारा थर द्या. हेडलाइट मात्र दर थांब्यावर पुसायची गोष्ट आहे. चिखलाचा पातळ लेपही उजेड किती खातो, ते एकदा अर्धीच काच पुसून भिंतीवर उजेड पाडून बघा.

गाडीवर बसल्यावर

काच लगेच बंद करू नका. हेल्मेट घातलं, किक मारली, हातमोजे चढवले, या सगळ्यात काच उघडीच असू द्या आणि गाडी चालू लागल्यावर बंद करा. उभ्या गाडीवर बंद हेल्मेटमध्ये श्वास सोडत बसलं की सुरुवातच वाफेने होते.

हनुवटीपाशी हवेची झडप असेल तर ती पूर्ण उघडी. तिच्यातून येणारी हवा काचेच्या आतून वर जाते आणि वाफ घेऊन जाते. डोक्यावरच्या झडपा मुसळधार पावसात बंद केल्या तरी चालतात, मागच्या उघड्याच ठेवा. हनुवटीखाली कापडी पडदा लावलेला असेल तर तो पावसाळ्यापुरता काढून टाका. थंडीत उपयोगी पडतो, पावसात श्वासाचीच वाट अडवतो.

श्वास नाकाने घ्या आणि नाकानेच सोडा. नाकातून सुटलेली हवा खाली जाते, तोंडातून सुटलेली काचेवर. गाडीवर गप्पा मारणाऱ्यांची आणि गाणी म्हणणाऱ्यांची काच का धुरकटते, ते यात आलं.

सिग्नलला किंवा गर्दीत काच एक खाच वर. बऱ्याच हेल्मेटमध्ये पहिली खाच मुद्दाम एवढ्यासाठीच असते. थोडे शिंतोडे आत येतील, येऊ द्या. काच अर्धी वर ठेवणं मात्र सगळ्यात वाईट: तिची कड बरोब्बर डोळ्यांसमोर येते आणि वरून ओघळणारं पाणी आतल्या बाजूला जातं. एक खाच, नाहीतर बंद. पूर्ण उघडी फक्त रांगत्या वेगात. मोठा पावसाचा थेंब सेकंदाला साधारण ९ मीटर वेगाने पडत असतो. त्यात आपला ६० किमीचा वेग मिसळला की तो डोळ्यावर टाचणीसारखा लागतो, आणि डोळे आपोआप मिटतात.

बाहेरचे थेंब घालवायला हात हलवायच्या आधी मान हलवून बघा. नजर रस्त्यावरच ठेवून डोकं किंचित डावीकडे, मग किंचित उजवीकडे. समोरून येणारा वारा काचेच्या गालावरून तिरका वाहतो आणि थेंब कडेला ढकलतो. वेग पुरेसा असेल तर पुसायची गरजच पडत नाही. गाडीला उंच विंडस्क्रीन असेल तर मात्र हे जमत नाही, कारण काचेवर वाराच येत नाही. थेंब तसेच बसून राहतात, वाफही जास्त धरते. स्क्रीन खाली घेता येत असेल तर घ्या, नाहीतर जरा ताठ बसून डोकं वाऱ्यात आणा. ओल्या स्क्रीनमधून बघत चालवायचं नाही, तिच्यावरून बघायचं.

पुसायचंच झालं तर डाव्या हाताने. उजवा थ्रॉटल आणि पुढच्या ब्रेकचा. काही हातमोज्यांच्या डाव्या बोटावर रबराची पाती शिवलेली असते, वेगळी बोटात चढवायचीही मिळते. तिने एका बाजूकडून दुसरीकडे एकच सलग ओढ. वळणावर, ब्रेक लावताना, क्लच लागेल अशा जागी नाही. सरळ मोकळा रस्ता बघून, एकदाच. काचेवर चिखल असेल तर कोरडा पुसू नका. पाऊस जोरात असेल तर तोंड जरा वर करून काच आधी भिजू द्या, मग ओढ मारा. पाऊस थांबलेला आणि चिखल उडतोय, अशी वेळ सगळ्यात त्रासाची. त्यासाठी टँकबॅगेत (टाकीवरच्या पिशवीत) पाण्याची छोटी फवारा बाटली आणि प्लास्टिकच्या पिशवीत कोरडं राहिलेलं मायक्रोफायबर ठेवा, आणि थांबूनच साफ करा.

ट्रक, बस आणि पुढच्याचं पाणी

पावसात आपल्या काचेवर येणारं पाणी आभाळातून येतं त्याहून जास्त पुढच्या गाडीच्या चाकांतून येतं, आणि ते घाण असतं. पहिल्या सरीनंतरची दहा-पंधरा मिनिटं तर विशेषच. कोरड्या दिवसांत साठलेलं ऑइल आणि धूळ तेव्हाच वर येते. पुढच्या गाडीपासून कोरड्या रस्त्यावर दोन सेकंदांचं अंतर ठेवत असाल तर पावसात चार ठेवा. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोचली की मोजायला लागा; आपण तिथे पोचेपर्यंत चार व्हायला हवेत. एवढ्या अंतरात उडालेलं पाणी बरंचसं खाली बसलेलं असतं. आणि पुढच्या गाडीचे ब्रेक लाइट, तिचं खड्ड्यात आदळणं, पाण्यातून जाताना तिची चाकं किती बुडतायत, हे सगळं दिसायला लागतं. पाण्याखालचा रस्ता आपल्या काचेतून दिसत नाही, तो पुढच्याच्या चाकांवरून वाचायचा.

समोरून मोठा ट्रक येतोय आणि मध्ये डबकं आहे, तर पुढचे तीन-चार सेकंद आंधळे जाणार हे धरून चाला. पाणी अंगावर यायच्या आधीच वेग थोडा उतरवा, पुढचा रस्ता नजरेने टिपून ठेवा, हँडल सरळ. पाणी आदळल्यावर ब्रेक दाबायचा नाही, दचकून थ्रॉटल सोडायचा नाही. काच वाहून साफ होते, मग एक ओढ मारा. काच एक खाच उघडी असेल तर तेवढ्यापुरती बंद करा; ते पाणी तोंडात जाण्यासारखं नसतं.

रात्री

ओल्या रस्त्यावर रात्री दिसत कमी का असतं, तर पाण्याचा थर आरशासारखा वागतो. आपल्या दिव्याचा उजेड रस्त्यावरून मागे आपल्याकडे यायच्या ऐवजी पुढे निघून जातो, म्हणून रस्ता काळाकुट्ट. समोरच्या गाडीचा उजेड मात्र त्याच आरशावरून थेट आपल्या डोळ्यांत. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांमध्ये उजेड परतवणारे काचेचे बारीक मणी असतात, तेही पाण्यात बुडाले की पट्ट्या गायब होतात.

हाय बीम जोराच्या पावसात उलटा त्रास देतो. समोरच्या थेंबांवर आदळून उजेड परत येतो आणि पांढरा पडदा तयार होतो. लो बीमवर चालवा. समोरून गाडी आली की तिच्या दिव्यांकडे न बघता आपल्या डाव्या कडेची पट्टी किंवा रस्त्याची कड धरा. रंगीत काच रात्री नाहीच. हेल्मेटसाठीच्या युरोपच्या ईसीई २२ या मानकात ८० टक्क्यांहून कमी प्रकाश आत सोडणारी काच फक्त दिवसाच्या वापरासाठी धरलेली आहे आणि तसं काचेवर छापलेलं असतं. तुमच्या काचेच्या कडेवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचून घ्या. हेल्मेटमध्ये खाली ओढायची आतली काळी काच असेल तर पावसात ती वरच असू द्या. तिला वाफ चटकन धरते आणि चालत्या गाडीवर ती पुसता येत नाही.

थांबायचं कधी

माझा ठोकताळा साधा आहे: चार सेकंदांनी आपण जिथे पोचणार ती जागा आत्ता दिसत नसेल तर वेग उतरवायचा, आणि वेग इतका उतरवावा लागला की मागून येणाऱ्यांना आपण अडथळा ठरू, तर थांबायचं. थांबताना रस्त्याच्या कडेला नको, रस्त्याबाहेर. पुलाखाली, वळणावर, पांढऱ्या पट्टीच्या आत उभं राहून पाऊस जायची वाट बघणाऱ्यांना मागून येणाऱ्याची काचही आपल्याइतकीच धूसर आहे याचा विसर पडलेला असतो. थांबल्यावर हेल्मेट काढा, काच उघडून वाऱ्याला ठेवा, आतून कोरड्या फडक्याने फक्त टिपा. हातमोज्याने आतून पुसलं की साबणाचा थर गेलाच म्हणून समजा.

परत आल्यावर

हेल्मेट तसंच कपाटात किंवा पिशवीत गेलं तर दुसऱ्या दिवशीची वाफ आत्ताच तयार झाली. अस्तर निघत असेल तर काढून पंख्याखाली वाळवा. निघत नसेल तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने ओले झालेले काढून कोरडे घाला. हीटर किंवा इंजिनाची ऊब नको, आतला थर्मोकोलचा थर आणि त्याचा चिकटा उष्णतेने खराब होतो. काच उघडी ठेवा.

आणि अधूनमधून रात्री अंधाऱ्या खोलीत काच डोळ्यांसमोर धरून दूरवर ठेवलेल्या टॉर्चकडे बघा. टॉर्चभोवती चांदणीसारख्या रेघा फुटत असतील तर चऱ्यांची हद्द झाली; पॉलिश करत बसू नका, नवी काच घ्या. नवी पारदर्शकच घ्या, पिनलॉकच्या पिना असलेली मिळाली तर उत्तम. तिच्यावरची संरक्षक फिल्म काढा, बसवून कागदाची पट्टी पुन्हा पाचही जागी ओढून बघा, कारण रबर तेच असलं तरी नवी काच त्यावर अगदी तशीच दाबून बसेल असं नाही. जुनी टाकून देऊ नका. आतून साबण कसा द्यायचा, बाहेरून थर किती पातळ लावायचा, याचा सराव तिच्यावर करता येतो.